शाळेची रोकडवही

(गोपाळ कृष्ण गोखले यांच्या पुण्यतिथीनिमित्त दिलेल्या व्याख्यानाचे लिखित रूप)



आज १९ फेब्रुवारी. शिवजयंतीची सुट्टी आहे, म्हणून पंचायत समितीच्या शिक्षण विभागातले आणि जिल्हा परिषदेच्या अर्थ विभागातले कितीतरी ओळखीचे चेहरे समोर दिसताहेत. एरवी या दिवसांत त्यांना मान वर करायला सवड नसते. मार्चअखेरला चाळीस दिवस उरलेत. मीही चौतीस वर्षे याच कामात घालवली. कनिष्ठ सहायक म्हणून लागलो आणि सहायक लेखाधिकारी म्हणून बाहेर पडलो. नामदार गोखल्यांच्या नावाच्या व्याख्यानाला लेखा विभागातल्या माणसाला का बोलावले, असे काहींना वाटले असेल. मला मात्र यात अनपेक्षित असे काही वाटले नाही.

गोखले तेरा वर्षांचे असताना वडील गेले. थोरले बंधू गोविंदराव शिक्षण सोडून नोकरीला लागले. पगार महिना पंधरा रुपये. त्यातले आठ रुपये ते दर महिन्याला गोपाळच्या शिक्षणासाठी पाठवत आणि उरलेल्या सातांत घर चालवत. या आठ रुपयांकडे मी हिशेबनिसाच्या नजरेने पाहतो. आलेल्या पैशाच्या निम्म्याहून अधिक वाटा शिक्षणाला दिलेला, आणि तोही दर महिन्याला न चुकता पोचलेला. रक्कम किती होती याइतकेच ती वेळेवर पोचली याला महत्त्व आहे. गोविंदरावांनी वर्षभराचे शहाण्णव रुपये एकरकमी चैत्र-वैशाखात पाठवले असते, तर मधले अकरा महिने त्या मुलाने काय खाल्ले असते?

पुढे हाच मुलगा गणिताचा शिक्षक झाला. त्यांचे अंकगणिताचे पुस्तक शाळाशाळांत चालले. फर्ग्युसन कॉलेजात महिना पंचाहत्तर रुपयांवर त्यांनी उमेदीची वर्षे दिली आणि १९०२ मध्ये तीस रुपये निवृत्तिवेतन घेऊन ते बाहेर पडले. त्याआधी १८९७ मध्ये वेल्बी आयोगापुढे भारताच्या खर्चाबद्दल साक्ष देऊन आले होते. २६ मार्च १९०२ रोजी कलकत्त्याच्या कौन्सिलात त्यांनी अर्थसंकल्पावरचे पहिले भाषण केले. सरकार तिजोरीतली शिल्लक अभिमानाने दाखवत होते. देश दुष्काळात होरपळत असताना अशी शिल्लक पडते, याचा अर्थ रयतेकडून गरजेपेक्षा जास्त कर घेतला जातो, हे गोखल्यांनी सरकारच्याच आकड्यांवरून दाखवून दिले.

आज मात्र त्यांच्या दुसऱ्या कामाबद्दल बोलायचे आहे, ते म्हणजे प्राथमिक शिक्षणाचे विधेयक. मार्च १९१० मध्ये त्यांनी कौन्सिलात ठराव मांडला. १६ मार्च १९११ रोजी विधेयक आणले. मार्च १९१२ मध्ये ते १३ विरुद्ध ३८ मतांनी फेटाळले गेले. तिन्ही वेळा महिना मार्चच होता, कारण तेव्हाही सरकारचे पैशाचे बोलणे याच महिन्यात चाले. विधेयक सक्तीच्या शिक्षणाचे म्हणून ओळखले जाते, पण मी ते वाचतो तेव्हा मला त्यात आधी हिशेब दिसतो. सहा ते दहा वर्षांच्या मुलांना सक्ती, तीही जिथे ठरावीक प्रमाणात मुले आधीच शाळेत येतात तिथेच. ज्या पालकाची कमाई महिना दहा रुपयांच्या वर नाही त्याला फी माफ. आणि खर्चाचा एक वाटा स्थानिक मंडळाने उचलायचा, दोन वाटे सरकारने. कोण देणार, किती देणार आणि कोणामार्फत देणार, हे पहिल्याच मसुद्यात लिहून ठेवणारा माणूस होता तो. पैशाची वाट आखल्याशिवाय त्याने हक्काची गोष्ट काढली नाही.

याच्याही तीस वर्षे आधी, ऑक्टोबर १८८२ मध्ये, जोतीराव फुल्यांनी हंटर आयोगाला दिलेल्या निवेदनात हाच धागा आहे. सरकारी उत्पन्नाचा मोठा भाग रयतेच्या घामातून येतो आणि शिक्षणावरचा खर्च वरच्या वर्गाच्या मुलांवर होतो, हे त्यांचे म्हणणे सर्वांना ठाऊक आहे. त्याच निवेदनात लोकल फंडाचा निम्मा वाटा फक्त प्राथमिक शिक्षणाला द्या आणि मास्तरांचा पगार बारा रुपयांच्या खाली नको, असेही त्यांनी लिहिले आहे. हे कमी वाचले जाते. त्याहून कमी वाचली जाते पुढची सूचना. गावच्या हिशेबाची तपासणी, दस्तनोंदणी, टपाल, स्टँपविक्री अशी गावातली कामे मास्तरांकडे आली, तर मास्तरांची गावातली पत वाढेल, असे फुल्यांना वाटत होते. या सूचनेकडे मी शेवटी पुन्हा येईन, कारण त्यातला अर्धा भाग आपण फारच निष्ठेने अमलात आणला आहे.

मधला इतिहास थोडक्यात सांगतो. बडोद्यात सयाजीरावांनी १८९३ मध्ये अमरेली तालुक्यात आणि १९०६ मध्ये सगळ्या संस्थानात सक्तीचे मोफत शिक्षण आणले. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ मध्ये आणले. मुंबई इलाख्यात १९१८, १९२३ आणि १९४७ असे कायदे झाले. १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा आल्या आणि खेड्यातली प्राथमिक शाळा त्यांच्या हाती गेली. १ एप्रिल २०१० पासून शिक्षणाचा हक्क कायद्याने मिळाला. म्हणजे गोखल्यांचे विधेयक फेटाळल्यानंतर अठ्ठ्याण्णव वर्षांनी त्याचा गाभा देशाचा कायदा झाला. पैशाची तरतूदही झाली, कमी-अधिक असेल, पण झाली. तरी शाळेत पैसा वेळेवर पोचत नाही आणि पोचला तर खर्च होत नाही, हे मी चौतीस वर्षे पाहिले. मार्चअखेरला तो परत जातो. असे का होते ते आज सांगायचे आहे. भ्रष्टाचार हे त्याचे एक कारण आहेच. पण माझ्या टेबलावरून मला त्याहून मोठे कारण दिसले. हिशेब ठेवणारा माणूस जिथे हवा तिथे आपण नेमलाच नाही.

एका शाळेत चला. डोंगराच्या पायथ्याची वाडी, पहिली ते चौथी, अठ्ठावीस मुले आणि दोन शिक्षक. त्यांतल्या एका बाईंकडे मुख्याध्यापकपदाचा प्रभार. जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेला लिपिक नसतो, शिपाईही नसतो. समग्र शिक्षा योजनेतून अशा शाळेला वर्षाला १०,००० रुपये संयुक्त शाळा अनुदान मिळते. तीसपर्यंत मुले असतील तर दहा हजार, शंभरपर्यंत पंचवीस हजार, अडीचशेपर्यंत पन्नास हजार, हजारापर्यंत पंचाहत्तर हजार आणि त्यापुढे एक लाख. त्यातले निदान दहा टक्के स्वच्छतेवर खर्च करायचे. उरलेल्या नऊ हजारांत वर्षभराचे वीजबिल, खडू, नोंदवह्या, फळ्याचा रंग आणि दाराची कडी बसवायची.

एका पावसाळ्यात मी त्या शाळेत गेलो होतो. बाई ऑफिसच्या टेबलाशी मोबाइल घेऊन बसल्या होत्या. पलीकडच्या खोलीत चारही वर्ग एकत्र बसवलेले, आणि दुसरे गुरुजी एकटेच त्यांना सांभाळत होते.

"साहेब, खर्चाची लिमिट आली, पण पीपीए निघत नाही," बाई म्हणाल्या.

"व्हेंडर नोंदवलाय का?"

"नळ दुरुस्त करणारा आमच्याच वाडीतला पोरगा आहे. त्याच्याकडे ना बिलबुक, ना जीएसटी नंबर. खाते आहे, पण आधार जोडलेले नाही म्हणतो. साडेतीनशे रुपये मी दिलेत त्याला माझ्याकडचे. आता ते कसे दाखवायचे?"

हे साडेतीनशे रुपये नियमाप्रमाणे खर्ची कसे पडतात, ते मी तुम्हाला सांगतो. आधी शाळा व्यवस्थापन समितीची सभा. तिच्यात तीन-चतुर्थांश पालक असतात, म्हणजे शेतीची कामे संपल्यावरची संध्याकाळ शोधायची. ठराव लिहायचा. दरपत्रके मागवायची. काम झाले की बिल घ्यायचे, त्यावर काम समाधानकारक झाल्याचा शेरा मारायचा आणि प्रमाणक क्रमांक टाकायचा. रोकडवहीत नोंद, खतावणीत नोंद, वस्तू असेल तर साठा नोंदवहीत नोंद. मग संगणकावर एकाने रक्कम भरायची आणि दुसऱ्याने ती तपासून पुढे पाठवायची. पीपीए, म्हणजे बँकेला द्यायचा भरणा-आदेश, छापायचा, त्यावर मुख्याध्यापक आणि समितीचे अध्यक्ष यांच्या सह्या घ्यायच्या, आणि तो कागद मुदतीत बँकेत पोचवायचा. बँक अकरा किलोमीटरवर आहे. महिनाअखेरला बँकेच्या शिलकेशी ताळमेळ. वर्षअखेरला उपयोगिता प्रमाणपत्र तीन प्रतींत.

यातली एकही पायरी चुकीची नाही, हे मी आवर्जून सांगतो. प्रत्येक पायरीमागे कुठल्यातरी गावात झालेला कुठलातरी अपहार उभा आहे, त्यातले काही मी स्वतः तपासले आहेत. पण एका गोष्टीकडे आपले लक्ष गेलेले नाही. साडेतीनशे रुपयांच्या प्रमाणकाला जितक्या सह्या लागतात, तितक्याच पस्तीस हजारांच्या प्रमाणकालाही लागतात. नियंत्रणाचा खर्च रकमेवर ठरत नाही, तो व्यवहाराच्या संख्येवर ठरतो. म्हणून शाळा जितकी लहान तितका तिच्यावरचा कागदाचा भार मोठा. चार आण्याच्या कोंबडीला बारा आण्यांचा मसाला, असे आपण म्हणतो. इथे तो मसाला बाईंच्या शिकवण्याच्या वेळातून वाटला जातो.

तो वेळ किती, याचा हिशेब मांडू. शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीप्रमाणे पहिली ते पाचवीला वर्षात २०० दिवस आणि ८०० तास अध्यापन व्हायला हवे. पोषण आहाराची रोजची माहिती, धान्याचा साठा, इंधन-भाजीपाल्याचा खर्च, अनुदानाची प्रमाणके, निरनिराळ्या पोर्टलवरच्या नोंदी आणि तालुक्याला द्यायचे तक्ते या सगळ्याला मिळून रोज फक्त एक तास धरा. ज्यांनी हे काम केले आहे ते म्हणतील की मी फार कमी धरला. दोनशे दिवसांचे दोनशे तास. म्हणजे आठशेतला चौथा हिस्सा. दोनशिक्षकी शाळेत एका शिक्षकाचे पाव वर्ष. पहिलीत आलेले मूल चौथीतून बाहेर पडते तोवर त्याच्या दोन शिक्षकांपैकी एका शिक्षकाचे एक अख्खे वर्ष हिशेबात गेलेले असते.

शिक्षण हक्क कायद्याचे कलम २७ सांगते की जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक यांखेरीज अशैक्षणिक काम शिक्षकांना देता येणार नाही. त्यावर खूप चर्चा होते. पण शाळेचा हिशेब या कलमात येतच नाही, कारण तो शाळेचेच काम मानला जातो. त्यामुळे सगळ्यात जास्त वेळ खाणारे काम कायद्याच्या नजरेबाहेर राहून गेले.

पोषण आहाराबद्दल दोन वाक्ये. १ मे २०२५ पासून केंद्राच्या दराने सामग्रीचा खर्च प्राथमिकच्या मुलामागे दिवसाला ६ रुपये ७८ पैसे आणि उच्च प्राथमिकच्या मुलामागे १० रुपये १७ पैसे आहे. अठ्ठावीस मुलांचे होतात १८९ रुपये ८४ पैसे, आणि भाजी, इंधनाची देयके उशिरा निघाली की बाई आधी स्वतःच्या पर्समधून पैसे काढतात, कारण मूल दुपारी जेवायला बसते तेव्हा त्याला अनुदान यायचे आहे असे सांगता येत नाही.

आता मार्चकडे येतो. बाहेरच्या माणसाला वाटते की सरकारी कचेरीत वर्षभर आळस असतो आणि मार्चमध्ये जाग येते. आत काय होते ते ऐका. समग्र शिक्षेचा पैसा साठ टक्के केंद्राचा, चाळीस टक्के राज्याचा. वार्षिक आराखड्याला दिल्लीत मान्यता मिळाली की हप्ते सुटतात. पण पुढचा हप्ता मागायचा तर मागच्या पैशाचे उपयोगिता प्रमाणपत्र लागते. राज्याचे प्रमाणपत्र जिल्ह्यांवर अडते, जिल्ह्याचे तालुक्यांवर, आणि तालुक्याचे त्या वाडीतल्या बाईंवर. त्यांचे कागद उशिरा येतात, कारण त्या शिकवत असतात. तालुक्यात ते तपासायला एक लेखा सहायक असतो, कधीकधी तेही पद रिक्त असते, आणि त्याच्यापुढे शे-दीडशे शाळांचे गठ्ठे पडलेले असतात. प्रमाणपत्र उशिरा गेले की हप्ता उशिरा येतो. जानेवारी-फेब्रुवारीत शाळेची लिमिट येते आणि ३१ मार्चला मावळते. मग घाईत खरेदी होते. मुलांना लागते ते बाजूला राहते आणि ज्याचे बिल पटकन मिळते ती वस्तू येते. घाईतल्या खरेदीची कागदपत्रे अर्धवट राहतात. वर्ष-दोन वर्षांनी स्थानिक निधी लेखापरीक्षक येतात आणि आक्षेप काढतात. वसूलपात्र रक्कम म्हणून बाईंच्या नावावर चौदाशे रुपये लिहिले जातात. त्या घाबरतात. शेजारच्या दहा शाळांपर्यंत ती गोष्ट जाते. पुढच्या वर्षी त्या दहाही शाळा पैसा खर्चच करत नाहीत. अखर्चित रक्कम दिसली की वरचे म्हणतात, शाळांना गरज नाही.

हे चक्र मी उलटसुलट तपासून पाहिले आहे. त्यातली एकच कडी आपल्या हातात आहे, आणि ती म्हणजे खालचा हिशेबनीस. केंद्र सरकारचे २०१७ चे सर्वसाधारण वित्तीय नियम वर्षअखेरच्या घाईच्या खर्चाला वित्तीय औचित्याचा भंग म्हणतात. नियम योग्य आहे. पण फेब्रुवारीत ज्याच्या हाती पैसा दिला त्याला मार्चमधल्या घाईबद्दल दोषी धरणे योग्य नाही.

२०२१ पासून एकल नोडल खात्याची पद्धत आली. पूर्वी लाखो शाळांच्या खात्यांत थोडाथोडा पैसा पडून राहायचा. आता तो राज्यपातळीवरच्या एका खात्यात असतो आणि शाळेला खर्चाची मर्यादा मिळते. व्याज बुडत नाही आणि पैसा कुठे आहे ते दिसते. ही सुधारणा मला मान्य आहे. पण संगणकाने बेरीज केली म्हणून खालची नोंद खरी ठरत नाही. शालार्थ प्रणालीने शिक्षकांचे पगार मार्गी लावले, हे मोठे काम झाले. त्याच प्रणालीतल्या बोगस आयडींचे प्रकरण २०२५ मध्ये नागपूर विभागात उघडकीस आले. ज्या नावांची नेमणूकच वैध नव्हती त्यांचा पगार महिन्यामागून महिना निघत राहिला. हजेरीपट, सेवापुस्तक, संचमान्यता आणि देयक हे चार कागद शेजारी ठेवून कोणी ताळमेळ घातला असता तर ते पहिल्याच महिन्यात दिसले असते. यंत्र तो ताळमेळ घालत नाही, त्याला माणूस लागतो आणि त्या माणसाला वेळ लागतो.

पैशाचे व्यवस्थापन बिघडले की ते फक्त वहीत राहत नाही, ते कायद्यापर्यंत जाऊन पोचते. शिक्षण हक्काच्या कलम १२ प्रमाणे खासगी शाळांत २५ टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांतल्या मुलांना द्यायच्या आणि शासनाने त्यांची प्रतिपूर्ती करायची. महाराष्ट्रात तो दर मुलामागे वर्षाला १७,६७० रुपये ठरला. प्रतिपूर्ती वर्षानुवर्षे थकत गेली. शाळांनी तक्रारी केल्या, काहींनी मुलांना दारातच अडवले. मग फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्याने नियमच बदलला. एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळेला ही सक्ती नाही, असे ठरवले. १९ जुलै २०२४ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने तो बदल रद्द केला. थकबाकी हे त्या बदलाचे एकमेव कारण होते असे मी म्हणणार नाही. पण ज्या हक्काची बिले वेळेवर चुकती होत नाहीत तो हक्क आकसायला लागतो, हे त्या सहा महिन्यांत सगळ्यांनी पाहिले. मोलमजुरी करणारे कितीतरी आईबाप त्या उन्हाळ्यात हातात अर्जाची पावती घेऊन थांबले होते.

आता माझी एक गोष्ट सांगतो. ती सांगितल्याशिवाय मला इथे उभे राहण्याचा अधिकार नाही. नव्वदच्या दशकात एका कार्यालयात निवृत्तिवेतनाची प्रकरणे माझ्याकडे होती. एका गुरुजींचे सेवापुस्तक आले. सदतीस वर्षे नोकरी झालेली. मधल्या एका वेतनवाढीच्या नोंदीवर सही नव्हती, ते तेव्हा दुसऱ्या तालुक्यात होते. मी त्रुटी काढून प्रकरण परत पाठवले. ते सहीविना परत आले, मी पुन्हा पाठवले. असे तीनदा झाले. अकरा महिने गेले. गुरुजी दर महिन्याला एसटीने यायचे, बाकावर बसायचे, आणि मी म्हणायचो, अजून आले नाही. शेवटच्या वेळी ते म्हणाले, "भाऊसाहेब, मुलांच्या वहीत चूक निघाली की मी बरोबर उत्तर शेजारी लिहून द्यायचो."

तो दुसरा तालुका आमच्या कचेरीपासून पस्तीस किलोमीटरवर होता. सही करणारे अधिकारी निवृत्त होऊन याच शहरात राहत होते. दुसऱ्या दिवशी मी स्वतः गेलो, आणि दुपारपर्यंत ते काम झाले. त्या अकरा महिन्यांत मी एकही नियम मोडला नव्हता. माझा प्रत्येक शेरा बरोबर होता. तरी एका शिक्षकाच्या घरात अकरा महिने पैसा गेला नाही, आणि त्याचे कारण मी होतो. ही गोष्ट मी आजवर फार थोड्यांना सांगितली आहे.

तेव्हापासून मला वाटत आले आहे की शिक्षण विभागातला लिपिक हा शिक्षणातलाच माणूस आहे, पण त्याला तसे कोणी कधी सांगितलेले नाही. शिक्षकांना वर्षातून कितीदा तरी प्रशिक्षण मिळते. लेखा सहायकाला नियमांची पुस्तके मिळतात. १९६८ ची जिल्हा परिषद लेखा संहिता त्याने पाठ करावी, परीक्षा द्यावी, एवढीच अपेक्षा. त्याने वर्षातून दोन दिवस शाळेत बसावे, आपल्या टेबलावरची फाईल तिथे पोचल्यावर तिचे काय होते ते पाहावे, असे कोणत्याही प्रशिक्षणात नसते. लेखापरीक्षणही आक्षेपाच्या भाषेत होते. परीक्षकाने चूक दाखवून तिथेच बाईंना बरोबर नोंद करून दाखवली, तर पुढच्या वर्षीचे आक्षेप निम्म्यावर येतील, हे मी अनुभवाने सांगतो.

माझी मागणी लहान आहे. महाराष्ट्रात ४,८६० शाळासमूह केंद्रे आहेत. प्रत्येक केंद्राला एक प्रशिक्षित लेखा सहायक द्या. त्याने आपल्या केंद्रातल्या शाळांच्या रोकडवह्या, प्रमाणके, बँक ताळमेळ, पोषण आहाराची देयके आणि उपयोगिता प्रमाणपत्रे सांभाळायची. आठवड्यातून एकदा प्रत्येक शाळेत स्वतः जायचे. खर्चाचा निर्णय शाळा व्यवस्थापन समितीचाच राहील, सही मुख्याध्यापकांचीच राहील, लिहिणारा हात तेवढा वेगळा असेल. सातव्या वेतन आयोगाप्रमाणे लिपिकाचे सुरुवातीचे मूळ वेतन १९,९०० रुपये आहे. ४,८६० जणांचे वर्षाचे मूळ वेतन ११६ कोटी ५ लाख ६८ हजार रुपये होते. भत्ते धरून ते दोनशे कोटींच्या आसपास जाईल. आकडा लहान नाही, आणि अर्थ विभाग पदनिर्मितीला नाही म्हणेल, हेही मला ठाऊक आहे. मी त्या विभागाच्या बाजूने अशी अनेक टिपणे लिहिली आहेत. पण मघाचा हिशेब आठवा. दोनशिक्षकी शाळेतल्या शिक्षकाचे पाव वर्ष आपण आजही या कामावर खर्चतोच आहोत. त्याचा पगार सातव्या आयोगात लिपिकापेक्षा बराच वरचा आहे, आणि त्या कामाचे शिक्षण त्याला मिळालेले नाही. म्हणजे महागडा माणूस लावून आपण काम कच्चे करून घेतो. फरक इतकाच की हा खर्च अंदाजपत्रकात कोणत्याही लेखाशीर्षाखाली दिसत नाही. गोखल्यांपुढे हे आकडे ठेवले असते तर त्यांनी पहिले बोट याच न दिसणाऱ्या खर्चावर ठेवले असते, असे मला वाटते.

फुल्यांच्या त्या सूचनेचेही इथेच बोलतो. त्यांनी मास्तरांना जादा काम सुचवले ते मास्तरांची पत वाढावी म्हणून. आपण काम दिले, आणि लेखाआक्षेप काढून पत घालवली. आता निदान ते काम काढून तरी घेऊ या.

शासन निर्णय होईल तेव्हा होईल. आम्ही चार निवृत्त लेखा कर्मचारी गेले दीड वर्ष दर शनिवारी एका केंद्रशाळेत बसतो. शनिवारी सकाळची शाळा असते. केंद्रातल्या अकरा शाळांचे शिक्षक वह्या पाठवून देतात, स्वतः येत नाहीत. आम्ही नोंदी लिहितो, ताळमेळ घालतो, जिथे कागद अपुरा आहे तिथे चिठ्ठी लावतो आणि तो कसा पुरा करायचा ते त्याच चिठ्ठीवर लिहितो. त्या नळवाल्या मुलाचे बँक खाते आम्ही आधारशी जोडून घेतले, आता त्याच्याकडे छापील बिलबुकही आहे. मागच्या वर्षी अकराही शाळांची उपयोगिता प्रमाणपत्रे एप्रिलच्या दहा तारखेला तालुक्याला गेली. त्या वाडीच्या शाळेची रोकडवही ३१ मार्चला बंद केली तेव्हा अखर्चित रक्कम होती चारशे बारा रुपये. एका शनिवारी त्या शाळेत गेलो तेव्हा पलीकडच्या खोलीत बाई चौथीला अपूर्णांक शिकवत होत्या. भाकरीचे चार तुकडे फळ्यावर काढलेले होते.

परवा शनिवार आहे. आम्ही एसटी स्टँडवरून सकाळी सव्वासहाच्या गाडीने निघतो. शेजारच्या केंद्रातल्या नऊ शाळांनीही वह्या पाठवायची तयारी दाखवली आहे. त्यासाठी आम्हाला आणखी दोन माणसे हवी आहेत. रोकडवही लिहिता येत असेल तर पुरे, बाकीचे आम्ही शिकवू.